मुखवट्यातून दिसतं तेवढं

६ जानेवारी १९९८
आजपासून रोज लिहायचं. भाषणात माणूस जगाला झापतो, इथे स्वतःला झापायची सोय. पण सुरुवात जगापासूनच करावी लागणार, कारण जग बिघडत चाललंय.

काल मुरबाडच्या वाचनालयात बोललो. विषय : अंधश्रद्धा. घसा बसेपर्यंत बोललो, लोक उठले नाहीत. शेवटी व्यासपीठावरून उतरताना कडेला ठेवलेली पेटती समई पायाने उडाली. समई वाटेत ठेवण्याची ही कुठली रीत? मी माइक पुन्हा हातात घेतला आणि म्हणालो, "प्रकाशाच्या कार्यक्रमात दिवा विझवण्याचा मान आज वक्त्याला." हशा, टाळ्या. अध्यक्ष मात्र धोतराला तेल लागल्यामुळे हसले नाहीत.

घरी खैरपाड्याला आलो तर सकुबाई, म्हणजे आमची चुलती, ओट्यावर वाट पाहत बसलेली. म्हणाली, "कुंडलिक, तुला मंगळवारच्या बाजारात दोनदा हाक मारली. बाजूनंच गेलास रे. हायस्कुलातला मास्तर झालास म्हणून का आमी दिसत नाय?" गावात म्हणे बोलतात, की गुरुजी रामराम घेत नाहीत, निवडणुकीला उभे राहणार, म्हणून आत्तापासून मान ताठ. बावन्न वर्षांच्या माणसाला नमस्कार करायचा तर समोर येऊन करावा. कडेने पुटपुटायचं आणि मग रुसायचं!

२५ जानेवारी
आज एक आनंदाची गोष्ट. लग्नाला इतकी वर्षं झाली, चंद्रकला रस्त्याने नेहमी चार पावलं मागे चालायची. स्त्रीपुरुष समानतेवर मी तालुकाभर कंठशोष केला, पण घरात पालथ्या घड्यावर पाणी. आणि हल्ली बघतो तर बाई माझ्या बरोबरीने चालते! नेहमी उजव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून. आज आटगावला जाताना मी मुद्दाम विचारलं, "काय, पटलं ना शेवटी?"

ती म्हणाली, "काय पटायचंय? सरळ बघून चाला. म्हशी येतायत."

बोलून दाखवायला लाजते. पण विचार रुजतो तो असा.

१५ फेब्रुवारी
गावकीची बैठक झाली. भांडणामुळे बंद पडलेला बोहाडा यंदा पुन्हा करायचं ठरलं. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून सनई-संबळावर नाचायचं, प्रत्येक सोंग ठरलेल्या घराचं. आमच्या घराकडे नरसिंह. बैठकीत एकाने टोमणा मारला, "गुरुजी तर देव मानत नाय. सोंग कसं घेनार?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी देव मानत नाही, पण कला मानतो आणि माझा बाप मानतो." मग बापाची गोष्ट सांगितली. ती मी प्रत्येक भाषणात सांगतो. मुखवट्याला बुबुळांच्या जागी दोन लहान भोकं असतात. कोणीही जवान गडी आत गेला की चाचपडतो, म्हणून कमरेला धरायला एक माणूस लागतो. आमचे वडील भगीरथ यांना कधीच कोणी धरलं नाही. उतारवयात डोळे अधू झाले तरी त्यांचं पाऊल चुकलं नाही. लोक म्हणतात, नरसिंहाने त्यांना आपले डोळे दिले. मी म्हणतो, ही जिद्द! ही साधना!

धाकटा भाऊ काळूराम मागून म्हणाला, "दादा, तू नाच. धरायला मी हाय."

"मला धरावं लागणार नाही," मी म्हणालो.

२२ मार्च
दुपारी जैतूच्या अंगणात. जैतू ठाकरवाडीचा. जुने मुखवटे रंगवायचं काम त्याच्याकडे. आंब्याखाली रावण, गणपती, शारदा रांगेत वाळत होते. पोरंटोरं, म्हातारे, सगळे एकेक मुखवटा घालून बघत होते आणि हसून लोळत होते. ढोलाचा गडी शाम रावण झाला आणि थेट कोंबड्यांच्या खुराड्यात बसला. एकजण बाहेर येऊन म्हणाला, "आयला, हे म्हंजे नळीतून जग बघायचं!"

मग मी नरसिंह चढवला. अंगणभर फिरलो. आंबा दिसला, जैतू दिसला, त्याच्या हातातला पिवळा रंग दिसला. नेहमी दिसतं तसंच. मला तर कळेचना की हे लोक कशाबद्दल बोंब मारतात.

जैतूने विचारलं, "गुरुजी, काय फरक वाटतो?"

"अजिबात नाही."

जैतूने कानाला हात लावला. "बापाचंच रक्त हाय."

दिवसभर छाती फुगलेली. खोटं का लिहू? मी विवेकवादी माणूस, पण ह्या रक्ताच्या गोष्टीने सुखावलो.

९ एप्रिल
हल्लीची छपाई भिकार. एक ओळ वाचून संपली की दुसरीची सुरुवात सापडत नाही. बोट ठेवून वाचावं लागतं, पहिलीच्या पोरासारखं. प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिलं.

चंद्रकलेने माजघरातली पाण्याची घागर दाराजवळून उचलून कोपऱ्यात नेली. का, तर "तुमच्या पायाला हजारदा लागते." हजारदा! ह्या बाईला अतिशयोक्तीची सवय माझ्या भाषणांमुळे लागली असणार.

३ मे
झालं. कसं झालं ते लिहितो, हसू नको म्हणून स्वतःला बजावतो.

बोहाडा रात्रभर, आमचं सोंग शेवटी, उजाडल्यावर. कागदाचा खांब उभा केलेला, तो फोडून नरसिंह बाहेर येतो. काळूराम कमरेला हात घालायला आला, मी झटकला. संबळ घुमला, मी गर्जना करून खांब फाडला. काय तो जल्लोष! समोरचे चेहरे दिसत होते, उगवतीचा लाल गोळा दिसत होता. मी उजवीकडे झेप घेतली आणि माझा पाय सनईवाल्याच्या मांडीवर पडला. तिथून मी संबळावर, तिथून रावणावर. रावणाची डावीकडची दोन तोंडं मोडली. लोक इतके हसले की बायका पदरात तोंड घालून खाली बसल्या. सकुबाई ओरडली, "अरे, हिरण्यकश्यपू सोडून रावणाला मारलास! येगळ्याच पुरानात घुसलास की रे!"

मीही हसलो. मुखवटा काढून म्हणालो, "वाजंत्री फार पुढे बसवली होती." खरंच बसवली होती.

तेवढ्यात गर्दीतून "सर!" म्हणून एक मुलगी आली. दिपिका. भातसानगरच्या धरण वसाहतीतली, वडील धरणाच्या दरवाजांवर कामाला. दहावीला मी तिला वादविवाद शिकवला होता. आता डोळ्यांची डॉक्टर, शहापूरला बसते. बोहाडा बघायला आली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "लागलं नाही ना, सर? मुखवट्यातून काही दिसत नसेल."

"का दिसणार नाही? नेहमीइतकंच दिसतं."

ती हसायची थांबली. "म्हणजे आत्ता मुखवटा काढल्यावर दिसतंय तेवढंच?"

"तेवढंच."

ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात या, सर." मी म्हणालो, सुट्टी आहे, वाचायचं आहे. तर चंद्रकला मध्येच म्हणाली, "येतील." मला न विचारता!

४ मे
गेलो. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला. दिपिकेला म्हटलं, "बघ! नजर गरुडाची आहे. उगाच गरीब माणसाला घाबरवू नये."

"सर, ही मधली नजर. ती बहुतेक शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणूनच हा रोग चोर आहे. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने खातो." डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून तिने दाब मोजला. मग भिंगातून आत बराच वेळ पाहिलं. काचबिंदूचा संशय.

मी म्हणालो, "मोतीबिंदू म्हण. पिकला की काढू."

"नाही सर. मोतीबिंदूत आतलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. इथे डोळ्यामागची नस सुकते. सुकली ती सुकली. पिकायची वाट बघायची नसते."

मग तिने धरणाचं उदाहरण दिलं. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि सतत बाहेर जायला हवं. दरवाजा नीट उघडला नाही की भिंतीवर दाब. हळूहळू, आवाज न करता. ज्या धरणाविरुद्ध मी घसा फोडून बोललो, मुंबईला पाणी आणि आम्हाला कोरड म्हणून, ते धरण माझ्याच डोळ्यात बांधलेलं निघावं!

"पुरावा काय?" मी विचारलं.

"ठाण्याला यंत्र आहे. तुम्हीच शिकवलंत, सर, पुरावा बघायच्या आधी विरोधी पक्षाने हरकत घ्यायची नाही."

असे विद्यार्थी घडवू नयेत.

१२ मे
ठाणे. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची. आजूबाजूला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. बसलो. चमकला, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मी म्हणालो, "ताई, यंत्र बंद पडलंय."

"चालू आहे, काका."

पुन्हा काही नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. माझा पारा चढला. सरकारी वस्तूंची देखभाल ह्या विषयावर मी बोलू लागलो. ती बिचारी शेवटी म्हणाली, "तुमच्या मिसेसना बसवून बघा हवं तर." चंद्रकला डोक्यावरचा पदर सावरून बसली.

टक. टक. टक टक. टक.

मी शेजारच्या स्टुलावर. जन्मभर टाळ्या ऐकल्या, एवढ्या लक्षपूर्वक कधी ऐकल्या नाहीत. ते उजेड माझ्याही वेळी चमकले होते. मला दिसले नव्हते.

१४ मे
काल लिहिलं नाही.

कागदावर माझी नजर छापून आली आहे. दोन्ही डोळ्यांत मध्ये पांढरा गोल, भोवती काळं. उजवीकडे तर काळं पार आत आलेलं. दिपिका म्हणाली, गेलं ते परत येणार नाही. उरलेलं राखता येईल. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर, आणि ठरल्या वेळी तपासणी. "दमा आहे का?" विचारलं, कारण दमेकऱ्यांना हे औषध चालत नाही. दमा नाही. दम भरपूर आहे.

भीती वाटते. भाषणात मी हा शब्द वापरत नाही, इथे लिहितो. पुस्तकांच्या फळीसमोर उभा राहिलो आणि जी वाचायची राहिलीत त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे एकेकाकडे पाहिलं. सगळी फळी एकदम दिसत नाही, हे मला आजच कळलं.

१५ मे
चंद्रकलेला विचारलं, "तू उजवीकडून का चालतेस?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दिवाळीत तुमी मारुतीच्या देवळाजवळ त्या सायकलवाल्याला धडकलात. तवापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर भाषान केलं असतं."

२४ मे
गावभर झालं. पण जे झालं ते वेगळंच. सकुबाई ओट्यावर येऊन टाळ्या पिटत म्हणाली, "म्हंजे तू माजलेला नायस रे! तुला दिसतच नाय! मी उगाच शिव्या घातल्या." मग गल्लीतून जाणाऱ्याला हाक मारून सांगितलं, "गुरुजी गर्विष्ठ नाय, आंधळा हाय!" इतक्या प्रेमाने माझी अब्रू कोणी परत दिली नव्हती. आता लोक समोर येऊन, हात हलवून रामराम करतात. शाम तर सलाम ठोकतो.

थेंबांचा विधी ठरला आहे. चंद्रकला घालते. डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, दोन मिनिटं. आणि त्या वेळात बोलायचं नाही. हा शेवटचा नियम डॉक्टरांचा नाही असा मला संशय आहे.

७ जून
आज वडिलांचा विचार केला. दिपिका म्हणाली होती, हा रोग घराण्यात उतरतो. वडिलांना कुठे काय व्हायचं, ते आठवत बसलो. ते दाराची चौकट हाताने चाचपून आत येत. ताटातली भाजी उजवीकडे वाढली तर तशीच राही, आई म्हणे, रुसलेत. आणि मुखवटा. त्यांना कोणी धरलं नाही कारण त्यांना आत आणि बाहेर सारखंच होतं. अंगण पायाने मोजलेलं होतं, बस. तेवढीच साधना खरी.

मी ह्या गोष्टीवर किती टाळ्या घेतल्या! एक माणूस गावासमोर नाचत नाचत आंधळा होत होता आणि गाव चमत्कार म्हणून हात जोडत होतं. चमत्काराच्या विरुद्ध बोलणारा त्याचा मुलगा पहिल्या रांगेत.

मुलगी स्नेहल हिला काल सुट्टीत तपासून घेतलं. ठीक आहे, दरवर्षी दाखवायचं. राहिला काळूराम. त्याला वडिलांचं, माझं, सगळं समजावलं. वाक्यं चांगली जमली होती. तो म्हणाला, "दादा, खालच्या शेतातला कावळा मी हितनं वळखतो. मला काय झालंय?"

"मीही शेवटची ओळ वाचली होती!"

"तुझी गोष्ट येगळी. तू वाचून वाचून डोळे घालवलेस."

२० नोव्हेंबर
दाब उतरला. दिपिका म्हणाली, "सर, छान." ठाण्याचा नवा कागद जुन्यासारखाच. तसाच राहणं हीच जीत. पास होण्यापेक्षा नापास न होण्याचा आनंद मला प्रथमच कळला.

आता भाषण बदललं आहे. चाळिशी ओलांडली की डोळे तपासा, दुखत नसले तरी तपासा. आटगाव, तानसा, मुरबाड. लोक ऐकतात, बरेचजण जाऊनही येतात. काळूराम मला सभेला सोडायला येतो, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो आणि तपासणीला जात नाही. सगळा तालुका पटवला, पाठचा भाऊ पटत नाही. माझ्या वक्तृत्वाला ह्याहून मोठी चपराक नाही.

२१ मार्च १९९९
यंदाही बोहाडा आहे. सोंग सोडणार होतो, तर गावकीने नकार दिला. "गुरुजी पडले नाय तर मजा काय?" पण अट घातली, काळूराम कमरेला धरणार. मी मान्य केलं.

जैतूच्या अंगणात तालीम. जैतूने काळूरामला म्हटलं, "धरनाऱ्यानं आधी आत जाऊन बघावं. गुरुजीला काय दिसतं ते कळल्याबिगर कसा धरशील?" काळूराम कधीच नरसिंहाच्या मुखवट्यात गेला नव्हता, धाकट्याला तो मान नसतो. त्याने नरसिंह चढवला, दोन पावलं टाकली आणि रंगाच्या डब्यात पाय घातला. पुढे रावणाची नवीन तोंडं वाळत होती, त्यातलं एक पुन्हा गेलं. आतून अशा शिव्या आल्या की नरसिंहाच्या तोंडी त्या प्रथमच.

"काय आंधळ्याचं सोंग रे हे! बाजूचं कायपन दिसत नाय!"

मला इतका आनंद झाला की मी जैतूचा हात धरला. त्याला फरक वाटतो!

काळूरामने मुखवटा काढला. एक पाय पिवळा. हसेल असं वाटलं, पण त्याने विचारलं, "दादा, तुला रोज असंच?"

"रोज."

"आनि बाबांना?"

"त्यांना शेवटी एवढंही नाही."

तो पाय पुसत बसला. माझ्याकडे निदान तीन उत्तम वाक्यं तयार होती. मी एकही बोललो नाही.

२३ मार्च
काळूराम सकाळी आंघोळ करून दारात उभा. "चल तुझ्या त्या पोरीकडं."

मला वाटत होतं, मुखवट्यात चाचपडला म्हणजे निर्धास्त. दिपिका म्हणाली, "नाही सर, सुरुवातीला कोणालाच काही कळत नाही. मुखवटा म्हणजे तपासणी नव्हे." आणि खरंच, दाब वाढलेला. पण नस अजून शाबूत आणि तसेच ठाण्याला जाऊन काढून आणलेल्या कागदावर काळं कुठेच नाही. चोर अंगणातच सापडला. थेंब सुरू.

परत येताना काळूरामने एवढंच विचारलं, "रोज दोनदा? जन्मभर?"

"रोज दोनदा. जन्मभर."

"मग वहिनीलाच घालू दे. माझी बायको डोळ्यात मसाला घालंल."

२ मे १९९९
उजाडता नरसिंह निघाला. कागदाचा खांब फाडला, जल्लोष झाला, उजवीकडे झेप घेतली. कमरेला काळूरामचे हात होते. त्याने मला हवेतच डावीकडे वळवलं आणि सनईवाला वाचला. सनईवाल्याने म्हणे वाजवता वाजवता डोळ्यांनी हात जोडले.

गर्दीतून कोणी म्हातारा म्हणाला, "भगीरथला कंदी धरायला लागत नव्हतं."

मी आत मुखवट्यात. काळूराम बाहेरून, संबळाच्या वर आवाज चढवून म्हणाला, "धरायला पायजे होतं!"

सोंग उतरल्यावर आम्ही दोघे ओट्यावर बसलो. चंद्रकलेने बाटली आणली. आधी मला, मग त्याला. दोघांनी डोळे मिटले, नाकाजवळ बोट धरलं. सकुबाई समोरून गेली असावी, आवाजावरून.

"अगो चंद्रकला, हे दोगं भाव गप? काय झालं रे तुमाला? भूत लागलं काय?"

भुताच्या अस्तित्वावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर आहे. काळूरामने कोपराने मला ढोसलं. दोन मिनिटं व्हायची होती.